वाईचे घाट, वाडे आणि दप्तरें

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम कागद उभा राहतो. सनदा, महजर, पत्रव्यवहार, ताळेबंद, शकावल्या हीं साधनें अव्वल दर्जाचीं होत, यांत शंका नाहीं. आणि त्यांच्या शोधासाठीं संशोधकांनीं गांवोगांव जी पायपीट केली तिजमुळेंच आजचा इतिहास उभा राहिला आहे. परंतु ज्या घरांत तो कागद शंभर-दोनशें वर्षें राहिला त्या घराकडे आपण सहसा पाहात नाहीं. कवच फोडून गर घ्यावा आणि पुढें चालावें, तशी आपली रीत पडून गेली आहे. कागद त्याच गांवीं, त्याच आळींत कां सांपडावा, या प्रश्नाचें उत्तर मात्र पुष्कळदां कागदांत मिळत नाहीं. तें घरांत, घाटांत व देवळांत शोधावें लागतें. हें नुसत्या तर्कानें सांगण्यापेक्षां एका गांवाच्या दाखल्यानें दाखविणें बरें, म्हणून सातारा जिल्ह्यांतील वाईचा जुना भाग येथें वाचकांबरोबर पायीं फिरून पाहावयाचें योजिलें आहे.

वाई कृष्णेच्या डाव्या तीरावर वसली आहे. महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली कृष्णा धोम, मेणवली हीं गांवें मागें टाकून येथें येते. पाठीशीं पांडवगड आहे, आणि पसरणीच्या घाटानें वर चढलें म्हणजे पांचगणी लागते. स्थानिक समजुतीप्रमाणें वाई ही महाभारतांतील विराटनगरी. पांडवगडाचें नांवहि या समजुतीस पोषक झालें आहे. परंतु विराट हा मत्स्यदेशाचा राजा, आणि मत्स्यदेश विद्वान् लोक राजस्थानांतील बैराटाच्या आसपास धरतात. तेव्हां ही ख्याति भक्तीच्या सदरांत घालावी हें बरें. वस्तीचें प्राचीनत्व सिद्ध करण्यास तिची गरजहि नाहीं. जवळच लोहारे येथें बौद्ध लेणीं आहेत. आणि जेथें लेणीं तेथें भिक्षा घालणारी वस्ती व जाण्यायेण्याचा मार्ग हीं दोन्ही असावयाचींच. पुढें विजापूरच्या अमलांत वाई हें सुभ्याचें ठाणें झालें. अफजलखान १६४९ पासून येथील सुभेदार होता, आणि १६५९ सालीं प्रतापगडाकडे जाण्यापूर्वीं त्याचा तळ येथेंच पडला होता. मात्र आज जी वाई आपणांस पायीं हिंडतांना दिसते ती बहुतांशीं त्यानंतरची, म्हणजे अठराव्या शतकांतली आहे.

बाजारांतून नदीकडे उतरूं लागलें म्हणजे गांवाचा सांगाडा ध्यानांत येतो. वाईच्या जुन्या वस्तीचे विभाग आळ्यांचे आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. या सात आळ्या घाटांच्या अनुरोधानें नदीकांठीं वसल्या आहेत, आणि माघापासून पुढें क्रमाक्रमानें प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सव होतो. या उत्सवाचा आरंभ अफजलखानाच्या स्वारीच्या वेळीं बोललेल्या नवसाशीं जोडण्याची परंपरा आहे. परंपरेची सत्यासत्यता कांहींहि असो, तिजवरून एक गोष्ट निश्चित कळते. या गांवांत मनुष्याची ओळख आळीवरून होत असे. उत्सवाचा खर्च, मानपान, वर्गणी, तंटे हें सर्व आळीच्या हिशेबांत पडे. ज्या संशोधकास वाईचा एखादा जमाखर्चाचा कागद हातीं येईल त्यानें तो कोणत्या आळीचा हें प्रथम पाहावें. नाहीं तर त्यांतील अर्धीं नांवें त्यास मुकींच राहतील.

गणपति आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. तें गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधिलें. एकाच काळ्या दगडांत कोरलेली आंतील भव्य मूर्ति पाहून यात्रेकरू परततात. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र देवळाला वळसा घालून मागची बाजू पाहावी. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, पाण्याच्या ओघाकडे निमुळती बांधलेली आहे. पुराचा लोट सपाट भिंतीवर आपटण्याऐवजीं दोहों बाजूंस दुभंगून जावा, हा त्या रचनेचा हेतु उघड दिसतो. कृष्णेचा पूर किती चढतो आणि कोणत्या अंगानें येतो, हें गवंड्यानें आधीं समजून घेतल्याशिवाय अशी भिंत उभी राहत नाहीं. पुराविषयींचें हें ज्ञान कागदांत फार तर एका ओळीनें येतें; येथें तें दगडांत मांडलेलें आहे, आणि अडीच शतकांवर पूर सोसून तें खरें ठरलें आहे.

ढोल्या गणपतीपासून जवळच काशीविश्वेश्वराचें देऊळ आहे. तें आनंदराव भिकाजी रास्ते यांनीं १७५७ सालीं बांधिलें. भोंवतीं तट, पुढें दीपमाळ, आणि स्वतंत्र मंडपांत बसविलेला काळ्या दगडाचा तुकतुकीत नंदी. त्याच परिसरांत महालक्ष्मीचें देऊळ असून त्याचा काळ १७७८ हा सांगतात. तेंहि रास्त्यांच्याच आश्रयाचें. या तीन देवळांचीं सालें एका ओळींत मांडून पाहावीं: १७५७, १७६२, १७७८. पहिलें साल नानासाहेब पेशव्यांच्या अमदानींतलें, दुसरें माधवरावांच्या, आणि तिसरें बारभाईंनीं सवाई माधवरावांच्या नांवें कारभार चालविला त्या काळांतलें. मध्यें पानिपत झालें, नानासाहेब वारले, माधवराव वारले, नारायणरावांचा खून झाला. पुण्याच्या गादीवर इतके आघात होत असतां वाईच्या घाटावर एकाच घराण्याचें बांधकाम वीस वर्षें चालू राहतें, ही गोष्ट अर्थशून्य नव्हे.

हें घराणें कोणतें? रास्त्यांचें मूळ उपनांव गोखले. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी, म्हणजे विश्वासराव, माधवराव व नारायणराव या तिघांची आई. आनंदराव व गणपतराव यांच्या नांवांपुढें 'भिकाजी' हें पितृनाम आहे. तेव्हां ज्यांनीं हीं देवळें बांधिलीं ते पेशवेपत्नीचे बंधु ठरतात. पुण्याची रास्ता पेठ याच घराण्याचें नांव आजवर वागविते. म्हणजे १७५७ सालीं वाई ही पेशव्यांची सासुरवाडी होती, आणि १७६२ सालीं ती पेशव्यांचें आजोळ झाली होती. घाटाच्या पायऱ्या उतरतांना हा एक संबंध ध्यानांत ठेविला तर हें लहानसें गांव एवढीं देवळें पेलूं कसें शकलें हें कोडें राहत नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. गोपिकाबाईचा ज्येष्ठ पुत्र विश्वासराव १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर पडला, आणि ढोल्या गणपतीचें साल १७६२. हीं दोन सालें शेजारीं आलीं म्हणून मामानें भाच्याच्या स्मरणार्थ देऊळ बांधिलें अशी गोष्ट रचण्याचा मोह होतो. तो आवरावा. सालांचें सान्निध्य म्हणजे कारण नव्हे. एवढें मोठें काम कित्येक महिने आधींपासून योजावें लागतें. दगड, चुना, पाथरवट जमवावे लागतात. वास्तु आपणांस प्रश्न विचारावयास शिकविते. उत्तर कागदानेंच द्यावें लागतें. म्हणूनच दोहोंची ताटातूट होऊं नये, असा आमचा आग्रह आहे.

आतां घाट सोडून आळींत शिरूं. येथें जुन्या वाड्यांची रांग लागते. कांहीं वाडे उभे आहेत. कांहींचें जोतें तेवढें जुनें आणि वरचें काम सिमेंटाचें. कांहींच्या जागीं अनेक मजल्यांच्या नव्या इमारती आल्या आहेत. उभ्या वाड्याची रचना बहुधा ठरीव असते. घडीव काळ्या दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा, आणि सांगाड्याच्या मध्यें विटांच्या भिंती. दिंडीतून आंत गेलें कीं देवडी, मग पहिला चौक, चौकाभोंवतीं ओसरी व सोपा, त्यापलीकडे माजघर, देवघर, कोठार. धनी कारकुनी किंवा सावकारी करणारा असला म्हणजे बाहेरच्या चौकालगत त्याची बैठक असे व तेथेंच फड बसे. चालू कागद फडाजवळ. निकालांत निघालेले कागद रुमालांत बांधून माळ्यावर. आणि वतनाच्या अस्सल सनदा देवघरांत किंवा माजघरांतल्या पेटींत, अशी सामान्य वहिवाट आढळते.

ही वहिवाट संग्राहकांनीं नीट लक्षांत घ्यावी. एकच सनद देवघरांतल्या पेटींत मिळाली तर घराणें ती आपल्या हक्काचा आधार समजत होतें. तीच माळ्यावरच्या रद्दी रुमालांत मिळाली तर तिच्यांतला हक्क केव्हांच सुटला असावा, अशी शंका घ्यावी. देवघरांत अस्सलाऐवजीं नक्कल सांपडली तर अस्सल कोठें दाखल करावयास नेली होती काय, याचा तपास करावा. ही माहिती सनदेच्या अक्षरांत कोठेंहि लिहिलेली नसते. ती केवळ जागेनें सांगितलेली असते. आणि कागद जागचा हलला कीं ती कायमची नाहींशी होते.

आमच्या पाहण्यांत आलेला एक प्रकार येथें नमूद करितों. गांव व घराणें सांगण्याचें कारण नाहीं. चौघां भावांची वांटणी झाली. शेत वांटलें, भांडीं वांटलीं, वाड्याचे खण मोजून वांटले. मग दप्तर राहिलें. तंटा नको म्हणून प्रत्येकास सारखे रुमाल देण्यांत आले. रुमाल मोजतांना ते कोणत्या सालाचे, कोणत्या व्यवहाराचे, हें कोणी पाहिलें नाहीं. एकाच कज्जाचे कागद त्यामुळें चार घरीं गेले: फिर्याद एकाकडे, जबानी दुसऱ्याकडे, निवाडा तिसऱ्याकडे. चौथ्याकडे त्यांचीं वेष्टनें व वर खोंचलेल्या चिठ्ठ्या. चौघांनींहि आपला वांटा जपून ठेविला होता, हें सांगितलें पाहिजे. कोणीहि कागद जाळला नाहीं, विकला नाहीं. तरी दप्तर म्हणून तें त्या दिवशींच संपलें.

वाईच्या संबंधानें या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, हें वाचकांस विदितच आहे. त्यांतील पानिपतच्या काळचीं पत्रें त्यांस मिळालीं तीं याच वाईंत. त्या खंडानें आणि त्याच्या विस्तृत प्रस्तावनेनें पानिपतच्या मोहिमेचा अभ्यास बखरींच्या आधारावरून उचलून अस्सल पत्रांच्या आधारावर नेऊन ठेविला. आणि पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तेंहि या कार्याच्याच ओघांत. यमुनेकांठच्या लष्करी हालचालींचे कागद कृष्णेकांठच्या एका आळींत निघावे, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु आतांपर्यंत आपण जो मार्ग चाललों तो आठवला म्हणजे त्यांत चमत्कार उरत नाहीं. पेशव्यांची सासुरवाडी जेथें आहे, सरदारांचे वाडे जेथें आहेत, आणि त्यांच्या आश्रयानें शास्त्री, सावकार व कारकून जेथें आळ्या करून राहिले आहेत, तेथें दिल्लीकडचीं पत्रें येऊन विसावणें हें साहजिकच आहे.

वाईहून नदीच्या कांठानें वर सुमारें तीन किलोमीटर गेलें म्हणजे मेणवली लागते. येथें नाना फडणिसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, आणि घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं दोन देवळें आहेत. वाड्यास सहा चौक असून कांहीं भिंतींवर जुनीं चित्रें टिकून आहेत. मेणेश्वराच्या देवळापाशीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. तीवर १७०७ हा इसवी सन व येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली त्या मोहिमेंतून ती आली. अलीकडे चित्रपटांमुळें हा घाट ज्यांनीं इतिहासाचें पान उलटलें नाहीं त्यांच्याहि परिचयाचा झाला आहे. वसईची घंटा कृष्णेच्या घाटावर कां, हा प्रश्न त्यांतील एखाद्याच्या मनांत उठला तरी तो मोठा लाभ समजावा.

नाना स्वतः पानिपतावर होते. त्या वेळीं त्यांचें वय वीसहि झालेलें नव्हतें. त्या प्रलयांतून ते जिवंत परतले. त्यांची मातोश्री मात्र परत आली नाहीं. आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं हा प्रसंग स्वतः लिहून ठेविला आहे. म्हणजे तीन किलोमीटरांच्या या टापूंत पानिपताचे तीन धागे एकत्र येतात: जिचा पुत्र तेथें पडला तिचें माहेर, जो तेथून वांचला त्याचा वाडा, आणि त्या मोहिमेचीं अस्सल पत्रें. तीनहि गोष्टी छापील पुस्तकांत तीन वेगळ्या प्रकरणांत येतात. पायीं चालणारास त्या एका सकाळींत भेटतात.

नानांचें मेणवलीचें दप्तर रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आलें. त्यांचा संग्रह १९२५ सालीं साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयांत आणि १९३९ सालीं तेथून पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. या स्थलांतरास आम्ही दोष देत नाहीं. वाळवी, गळकें छप्पर आणि रद्दीवाला या तिघांपासून तो कागद वांचला, हे त्या पिढीचे उपकार होत. तरी परिणाम डोळ्यांआड करतां येत नाहीं. मेणवलीस वाडा उभा आहे, पण त्याचें दप्तर तेथें नाहीं. आणि वाईच्या आळ्यांतून निघालेलीं पत्रें छापून अमर झालीं, पण त्यांचें घर त्या छापील पानांवरून दिसत नाहीं. ग्रंथांत पत्रें तिथिक्रमानें लावावीं लागतात, आणि तें योग्यच आहे. परंतु रुमालांतला मूळ क्रम त्यायोगें मोडतो. एका ठिकाणीं प्रश्न शिल्लक, दुसऱ्या ठिकाणीं उत्तर शिल्लक, अशी ही स्थिति आहे.

जें होऊन गेलें त्याचा शोक करण्यापेक्षां पुढें काय करतां येईल हें पाहणें बरें. वाई, मेणवली यांसारखीं गांवें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. वाडे दरवर्षीं पडत आहेत. कोणाचा वारस परगांवीं, कोणाचा परदेशीं. सागवानी तुळयांस बाजारांत चांगला भाव. वाड्याचा सौदा ठरला म्हणजे माळा झाडून रिकामा करण्यास एक दिवस पुरतो. अशा वेळीं संग्राहक तेथें पोंचला तर त्यानें रुमाल उचलण्याआधीं चार गोष्टी कराव्या, अशी आमची विनंति आहे.

पहिली, वाड्याचा साधा आराखडा काढावा, आणि कोणता रुमाल कोणत्या खणांत, किती उंचीवर, कशांत ठेविलेला मिळाला तें त्यावर टिपावें. यास चित्रकला यावी लागत नाहीं. शाळेंतल्या मुलास येते तेवढी रेघ पुरे. दुसरी, रुमालाचें फडकें, दोरी व चिठ्ठी फेंकूं नये, आणि आंतल्या कागदांस आलटापालट करण्यापूर्वीं अनुक्रमांक द्यावे. तिसरी, घरच्या वडील माणसांस, विशेषतः बायकांस, विचारावें. कोणत्या खोलीस काय म्हणत, कोठें कोण बसे, कोणत्या पेटीची पूजा दसऱ्यास होत असे, हें त्यांस ठाऊक असतें. आणि तें कोणत्याहि मोडी कागदांत सांपडणार नाहीं.

चौथी गोष्ट कालगणनेची. देवळाच्या उंबऱ्यावरचा किंवा जोत्यावरचा लेख शक-संवत्सरांत असतो, दप्तरांतला कागद बहुधा सुहूर सनांत. दोहोंचा मेळ घालतांना घाई करूं नये. शकांत सरसकट ७८ मिळविण्याची संवय आहे. परंतु इंग्रजी वर्ष पालटल्यावर, चैत्र लागेपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीस, शके १६८२ मध्यें झाली. ७८ मिळविले तर १७६० येतें आणि वर्ष चुकतें, ७९ मिळविले तर १७६१ हें खरें साल येतें. सुहूर सन मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ व पुढें ६०० मिळवावे. त्याच लढाईचा सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. त्यांत ६०० मिळविले कीं पुन्हां १७६१ च येतें. दगड व कागद या दोन साक्षीदारांची अशी गांठ पडली म्हणजे तारखेविषयीं वाद राहत नाहीं.

वाईंत या कामास विद्येचें पाठबळ पूर्वींपासून आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढें केवलानंद सरस्वती, यांनीं येथें १९१६ सालीं प्राज्ञपाठशाळा स्थापिली. गंगापुरींतल्या त्या संस्थेनें 'धर्मकोशा'सारखें काम हातीं घेतलें आणि त्याचा पहिला भाग १९३७ सालीं निघाला. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें कार्य याच गांवांतून चाललें, आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. ज्या आळ्यांत अठराव्या शतकांत पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच आळ्यांत विसाव्या शतकांत कोश रचले जावे, हें सातत्य मोलाचें आहे. कोशकारांच्या या गांवानें आपल्या सात आळ्यांचा एक घरवार तपशील तयार केला, कोणत्या जागीं कोणाचा वाडा होता, त्यांतून कोणतें दप्तर निघालें व तें आज कोठें आहे एवढें जरी त्यांत मांडलें, तरी पुण्यांतील व अन्यत्रच्या संग्रहांत पडलेल्या शेंकडों रुमालांस पुन्हां पत्ता मिळेल.

हें काम फार खर्चाचें नाहीं. त्यास वेळ, पाय आणि चिकाटी लागते, व वाड्यांचे जुने रहिवासी जोंवर हयात आहेत तोंवरच तें होण्यासारखें आहे. वाचकांपैकीं ज्यांजवळ वाई प्रांतांतील रुमाल असतील त्यांनीं निदान आपणांस ते कोणत्या घरांतून व कोणत्या खोलींतून मिळाले हें एका चिठ्ठीवर लिहून त्या रुमालांतच ठेवावें, इतकी सूचना करून हा लेख पुरा करितों.